लाकडाच्या लेथसाठी चक घेताना
अचूकपणा नेमका कशात पाहावा?

इ.स. १३४२ च्या सुमारास प्रसिद्ध मुस्लिम प्रवासी इब्ने बतूता दौलताबादहून गुजरातकडे जाताना नंदुरबारला थांबला होता. आपल्या सफरनाम्यात त्याने या गावाची नोंद केली आहे आणि येथील मराठे लोक हस्तकौशल्यात निपुण असल्याचे आवर्जून सांगितले आहे. या गोष्टीला पावणेसातशेहून अधिक वर्षे झाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा आज मागासलेला म्हणून ओळखला जातो. परंतु सातपुड्याचा साग, हळदू, शिसव यांसारखे लाकूड आणि ते हाताळणारे कारागीर येथे आहेत. प्रश्न आहे तो योग्य अवजाराचा.

लाकूड फिरवून त्याला गोल आकार देण्याच्या कामाला मराठीत कातकाम म्हणतात आणि ते करणाऱ्याला कातारी. आपल्या घरांत चालणारे खराद आणि खरादी हे शब्द अरबी 'खर्रात' शब्दाशी नाते सांगतात. खर्रात म्हणजे कातारीच. सीमेपलीकडील गुजरातेत संखेड्याचे रंगीत लाखकामाचे सागवानी फर्निचर प्रसिद्ध आहे. ते बनवणारा समाज खरादी-सुतार म्हणवला जातो. गुजरातीत लेथला संघेडो म्हणतात आणि त्यावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. थोडक्यात, हा हुन्नर आपल्या परिसराला परका नाही.

पूर्वी खाटेचे पाये, पाळण्याचे खांब, लाटणी आणि रव्या यांवर कातारीचे भागत असे. आता त्याच कारागिराकडे लाकडी वाडगे, झाकणाच्या डब्या, दिव्यांचे स्टँड, पेन आणि तसबीहचे मणी यांची मागणी येते. त्यासाठी लाकूड एकाच टोकाने धरावे लागते. तेथेच चकची गरज लागते आणि फसगतही तेथेच होते. खोक्यावर 'हाय प्रिसिजन' छापलेले असते, दुकानदार खात्री देतो, आणि घरी आणून लेथवर चढवल्यावर जॉब आउट फिरू लागतो. चक घेताना काय पाहावे, हे या लेखात क्रमाने सांगण्याचा प्रयत्न आहे.

आधी काम ठरवा

पहिली गोष्ट ही की प्रत्येक कामाला चक लागत नाही. पाया, खांब, लाटणे, मुसळ अशी लांब वस्तू दोन सेंटरांमध्ये धरूनच उत्तम होते. कैरोच्या जुन्या हवेल्यांच्या 'मशरबिय्या' जाळ्या जगभर नावाजल्या जातात. हजारो लहान कातीव तुकडे एकमेकांत बसवून त्या बनल्या आहेत. ते तुकडे कातणाऱ्या कारागिराकडे कमानीने फिरवायचा साधा लेथ असे आणि लाकूड दोन टोकांमध्ये धरलेले असे. आजच्यासारखा चक त्याच्याकडे नव्हता, तरी तुकडा तुकड्यात बसत असे. ज्यांचे नव्वद टक्के काम पाये आणि खांब यांचे आहे, त्यांनी चकमध्ये पैसे गुंतवण्यापेक्षा बेअरिंगचे चांगले रिव्हॉल्व्हिंग सेंटर घ्यावे. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोके समोरासमोर आणून ती एकमेकांना बरोबर भेटतात की नाही तेही पाहावे. या दोन गोष्टींनी जो फायदा होईल, तो महागड्या चकनेही होणार नाही.

पोळपाट किंवा मोठी थाळी असेल तर फेसप्लेट पुरते. लोखंडी तबकडीला मागून स्क्रूने लाकूड आवळले की ते काढेपर्यंत जागचे हलत नाही. स्क्रूची भोके राहतात हा तिचा दोष. परंतु टाकाऊ लाकडाचा तुकडा मध्ये चिकटवून तो टाळता येतो.

चक लागतो तो वाडगा, डबी, पेला, मेणबत्तीचा स्टँड अशा आतून कोरायच्या आणि उलटून धरायच्या कामाला. त्यात पुढील प्रकार येतात.

चार जॉचा स्क्रोल चक : किल्ली फिरवली की चारही जॉ एकाच वेळी आत किंवा बाहेर सरकतात. आतल्या गोल तबकडीवर जिलेबीच्या वेढ्यासारखी खाच असते. ती फिरली की जॉ सरकतात. या खाचेला स्क्रोल म्हणतात. अमेरिकेतील सायमन फेअरमन यांनी १८४० मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. लाकूडकामासाठी खास रुंद जॉ असलेले स्क्रोल चक विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर पसरले. आपल्या कामाला बहुधा हाच योग्य असतो.

थ्री जॉ चक : हा लोखंडाच्या लेथचा. जुन्या बाजारात स्वस्त मिळतो म्हणून अनेक जण तो आणतात. त्याचे जॉ अरुंद असतात. ते लाकडात रुततात आणि पकड ढिली होते. चौकोनी ठोकळा त्यात धरता येत नाही. जॉ बाहेर आलेले असले की फिरताना हाताला मार बसतो. लाकडासाठी तो टाळावा.

स्वतंत्र फोर जॉ चक : यातील प्रत्येक जॉ वेगळा सरकतो. डायल लावून जॉब हवा तितका अचूक बसवता येतो, पण प्रत्येक नगाला वेळ लागतो. रोज पन्नास नग काढणाऱ्याला तो परवडत नाही.

कॉलेट चक : मणी, पेन, लहान मुठी अशा बारीक कामासाठी. ठराविक जाडीचीच कांडी धरतो, पण छान धरतो.

जॅम चक : टाकाऊ लाकडाचा ठोकळा फेसप्लेटवर लावून त्यात जॉबच्या मापाची खाच कोरायची आणि जॉब त्यात दाबून बसवायचा. खर्च जवळपास शून्य. आपल्याच लेथवर, आपल्याच स्पिंडलवर कोरल्यामुळे ही खाच काढून घेईपर्यंत केंद्रातच राहते. या स्वस्त युक्तीत अचूकपणाचे मर्म आहे. त्याकडे आता वळू.

अचूकपणा म्हणजे काय?

लेथवर लाकूड फिरते आणि पटाशी टूल रेस्टवर स्थिर असते. त्यामुळे लाकूड चकमध्ये अर्धा सूत बाजूला बसले असले, तरी पटाशी लावताच जास्तीचे लाकूड निघून जाते आणि जॉब स्पिंडलच्या अक्षाभोवती बरोबर गोल होतो. याचा अर्थ असा की जे काम एकदा धरून, न सोडता, एकाच पकडीत पूर्ण होते, त्यात चक थोडा आउट असला तरी तयार मालात दोष येत नाही.

दोष येतो तो जॉब काढून पुन्हा धरताना. वाडग्याची बाहेरची बाजू कातली, तो काढला, उलटून बुडाने धरला आणि आत कोरायला घेतले. आता बाहेरचा गोल एका केंद्राभोवती आहे आणि आतला गोल दुसऱ्या केंद्राभोवती होणार. दोन केंद्रांतील अंतर जितके, तितकी भिंत एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला पातळ.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. डायल इंडिकेटर जो आकडा दाखवतो तो केंद्र सरकण्याच्या दुप्पट असतो. डायल एका फेऱ्यात ०.४ मिमी हलला, तर केंद्र ०.२ मिमी सरकले आहे. ३ मिमी जाडीची भिंत ठेवायची असेल तर ती एका बाजूला ३.२ आणि दुसऱ्या बाजूला २.८ होईल. गिऱ्हाइकाला ते कळणारही नाही. परंतु डायल २ मिमी हलत असेल, तर केंद्र १ मिमी सरकले. भिंत एकीकडे ४ आणि दुसरीकडे २ मिमी होईल. असा वाडगा पातळ बाजूने तडकतो आणि टेबलावर एकीकडे जड वाटतो.

झाकणाच्या डबीचे गणित याहून कडक आहे. झाकण आणि डबी यांची बाहेरची रेघ एक व्हावी लागते. तेथे पाव मिमीची पायरीही बोटाला लागते. म्हणून डब्या बनवणाऱ्याने डायलवर ०.१ ते ०.१५ मिमीच्या आत राहणारा चक शोधावा. साधे वाडगे बनवणाऱ्याला ०.३ मिमी सहज चालतो. शंभराव्या भागापर्यंत अचूक म्हणून दुप्पट किंमत सांगितली जात असेल, तर ती लाकूडकामाला लागणारी गोष्ट नाही. लोखंडाच्या थ्री जॉ चकमध्येही ०.०५ ते ०.१ मिमीचा फरक सामान्य समजला जातो.

आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. चक काढून पुन्हा चढवला, जॉब सोडून पुन्हा आवळला, तर तो प्रत्येक वेळी तितकाच आउट फिरतो का? दोष कायम सारखा राहत असेल तर उपाय आहे. एक नंबरच्या जॉसमोर लाकडावर पेन्सिलची खूण करावी आणि पुन्हा धरताना खूण तेथेच आणावी. पण दोष दर वेळी वेगळा निघत असेल, तर कोणतीही युक्ती चालत नाही. तो चक घेऊ नये.

चूक येते कोठून?

जॉब आउट फिरला की सारा दोष चकवर टाकण्याची सवय आहे. प्रत्यक्षात पाच ठिकाणे तपासावी लागतात, आणि तीही याच क्रमाने.

पहिले ठिकाण स्पिंडल. चक काढून ठेवावा आणि स्पिंडलच्या नाकावर, आट्यांच्या मागे असलेल्या गुळगुळीत गळ्यावर डायल लावावा. हाताने फिरवून पाहावे. तेथेच ०.१ मिमी येत असेल तर बेअरिंग झिजले आहे किंवा स्पिंडल वाकला आहे. अशा लेथवर जगातला कोणताही चक सरळ फिरणार नाही. स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेल्या अनेक लेथचा खरा आजार हाच असतो. येथे खर्च बेअरिंगवर करावा.

दुसरे ठिकाण खांदा. आटे चकला फक्त ओढून धरतात. त्याला केंद्रात आणण्याचे आणि सरळ उभे करण्याचे काम गळा आणि त्याच्या मागचा सपाट खांदा करतात. चक फिरवून आत गेला आणि त्याची पाठ खांद्याला सर्व बाजूंनी टेकली, तरच तो सरळ बसला. मध्ये भुसा, रंगाचा पोपडा किंवा खरचटून उठलेली कोर असेल तर चक तिरका बसतो. दर वेळी चढवण्यापूर्वी ब्रशने आटे आणि फडक्याने खांदा पुसावा. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात. चक अडकू नये म्हणून काही जण मध्ये वॉशर घालतात. तो जाडीला सारखा नसेल तर अचूकपणा तेथेच संपतो.

तिसरे ठिकाण आटे. ते पुढे स्वतंत्रपणे पाहू.

चौथे ठिकाण जॉ. जॉवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात आणि चकच्या खाचांवरही तसेच आकडे असतात. ज्याचा जॉ त्याच खाचेत आणि त्याच क्रमाने गेला पाहिजे. क्रम चुकला की चारही जॉ मध्यभागी एकत्र येत नाहीत. स्क्रू आवळण्यापूर्वी जॉच्या खालची धूळ पुसावी.

पाचवे ठिकाण लाकूड. ओले किंवा मऊ लाकूड जॉखाली दबते. एका बाजूला नरम आणि दुसऱ्या बाजूला गाठ असेल तर पकड नरम बाजूला सरकते. हा दोष कारखान्याचा नव्हे.

दुकानातच कशी तपासणी करावी

चक विकत घेण्यापूर्वी तपासणीची मागणी करण्यात संकोच बाळगू नये. शक्य असेल तर आपल्या लेथजवळ, नाहीतर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ती करावी. आयटीआयच्या टर्नर किंवा फिटर शाखेत शिकलेला मुलगा डायल लावणे जाणतो. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने दीनी तालीमबरोबर आयटीआय आणि अभियांत्रिकीचे शिक्षणही सुरू केले. अशा शिक्षणाचा उपयोग आपल्याच बाजारपेठेत असा होऊ शकतो.

तपासणीसाठी २० ते २५ मिमी जाडीची, ग्राइंडिंग केलेली सरळ पोलादी कांडी घ्यावी. मोठ्या ड्रिलची गोल सरळ दांडीही चालते. ती चकमध्ये आवळून जॉच्या अगदी जवळ डायल लावावा आणि हाताने एक फेरा द्यावा. मग डायल ७५ मिमी पुढे सरकवून पुन्हा पाहावे. जवळ कमी आणि दूर जास्त हलत असेल, तर जॉ तिरके धरतात किंवा चक खांद्यावर नीट बसलेला नाही. दोन्हीकडे सारखाच आकडा असेल, तर केंद्र फक्त बाजूला आहे.

नंतर कांडी सोडून पुन्हा आवळावी. असे तीनदा करावे. चक काढून पुन्हा चढवावा आणि तेही तीनदा करावे. आकडे कागदावर लिहावेत. शेवटी वेगळ्या जाडीची कांडी धरून पाहावी, कारण स्क्रोलची खाच एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी थोडी चुकलेली असू शकते.

डायल नसेल तरी अडत नाही. टूल रेस्टला एक बोल्ट घट्ट बांधावा. कांडी हाताने फिरवून तिचा सर्वात पुढे येणारा भाग शोधावा आणि तेथे बोल्टचे टोक इतके जवळ आणावे की झेरॉक्सचा एक कागद घासत जाईल. आता कांडी अर्धा फेरा फिरवावी आणि त्या फटीत किती कागद मावतात ते मोजावे. झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. तीन कागद मावले, म्हणजे दोन जास्त. तर तो चक ०.२ मिमी आउट आहे. हा हिशेब डायलच्या आकड्याइतकाच धरावा.

आट्यांचा प्रश्न

सर्वात जास्त पैसा आट्यांच्या चुकीत वाया जातो. चकवर एम ३३ बाय ३.५ लिहिलेले असेल, तर ३३ मिमी व्यासाचे आणि ३.५ मिमी अंतराचे आटे. १ इंच बाय ८ म्हणजे एक इंच व्यास आणि एका इंचात आठ आटे. लहान लेथवर एम १८ बाय २.५ ही आढळतो. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. वरवर जुळणारे आटे जोर करून चढवले, तर दोन फेऱ्यांतच स्पिंडल आणि चक दोन्ही खराब होतात.

घेण्यापूर्वी व्हर्नियरने स्पिंडलचा व्यास मोजावा आणि थ्रेड गेज लावून आट्यांचे अंतर पाहावे. गळ्याची लांबीही मोजावी. तो जास्त लांब असेल तर चकची पाठ खांद्याला टेकतच नाही. मोजमापावर भरवसा नसेल तर आपल्या लेथची फेसप्लेट पिशवीत घालून दुकानात न्यावी. तिच्यातले आटे हाच खरा नमुना.

आपल्याकडील अनेक लेथ जवळच्या वर्कशॉपमध्ये बनलेले असतात आणि त्यांचे आटे कोणत्याच कंपनीशी जुळत नाहीत. अशांनी दोन प्रकारांपैकी एक निवडावा. पहिला प्रकार, मध्ये बदलता येणारी आट्यांची बूच असलेला चक. दुसरा प्रकार, सपाट पाठीचा चक आणि वेगळी बॅक प्लेट. दुसरा प्रकार स्वस्त पडतो आणि नीट केल्यास अधिक अचूकही ठरतो. बॅक प्लेटला आपल्या स्पिंडलचे आटे पाडून घ्यावेत. मग ती आपल्याच स्पिंडलवर चढवून, स्पिंडलसह लोखंडाच्या लेथवर फिरवून, चक बसण्याची पायरी शेवटी कातून घ्यावी. आधी पायरी आणि मग आटे, असा उलटा क्रम झाला तर दोन कामांतला सारा फरक चकमध्ये उतरतो. जॅम चकचे जे मर्म वर सांगितले ते हेच : जे ज्या अक्षाभोवती फिरणार, ते त्याच अक्षावर कातलेले असावे.

जॉ आणि कूस

वाडग्याच्या बुडाशी पकडीसाठी जी गोल कूस ठेवतो, तिच्यावर उरलेला अचूकपणा अवलंबून असतो. जॉ कारखान्यात एका अखंड कड्याचे चार तुकडे करून बनतात. त्यामुळे त्यांचा आतला गोल एकाच मापाला पूर्ण गोल असतो, आणि ते माप जॉ जवळजवळ मिटलेले असतानाचे असते. कूस त्याहून पुष्कळ मोठी असली तर प्रत्येक जॉचे फक्त दोन कोपरे लाकडात रुततात. म्हणून कूस मिटलेल्या जॉपेक्षा किंचितच मोठी ठेवावी. विक्रेत्याला जॉचे हे माप विचारावे. ५० मिमीच्या आसपासचे जॉ बहुतेक कामाला पुरतात.

कुशीची जाडी वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश असावी. तिचे टोक चकच्या तळाला टेकू नये. तिच्याभोवतीचा वाडग्याचा सपाट खांदा जॉच्या माथ्यावर टेकावा. टोक टेकले तर वाडगा डुलतो आणि आपण चकला बोल लावतो. जॉला आत कल असेल तर कुशीलाही तसाच कल द्यावा, कोपऱ्यात गोलाई ठेवू नये.

लाकूडही आपल्या मर्जीने हलते

चक कितीही उत्तम असला तरी ओले लाकूड त्याची लाज राखत नाही. लाकूड वाळताना वर्षांच्या कड्यांच्या दिशेने जितके आकसते, ते गाभ्यापासून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणून ओला कातलेला गोल वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो. हा फरक चकच्या दोषाच्या कितीतरी पट असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जुलैत हवा ओलीचिंब होते. त्यामुळे हे येथे अधिकच जाणवते.

यावर जुना उपाय आहे. वाडगा आधी ओबडधोबड कातून भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाड ठेवावी. सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा जागी काही महिने वाळवावा. मग कूस पुन्हा गोल करून शेवटचा हात फिरवावा. सारंगखेड्याच्या यात्रेसाठी डिसेंबरात माल तयार हवा असेल तर ओबडधोबड काम उन्हाळ्यातच उरकलेले असावे. लाकूड घेताना बिल आणि वाहतूक परवाना मागून घ्यावा. कागद नसलेला साग कितीही स्वस्त असला तरी धंद्याला धोकाच आहे.

जिवाची काळजी

चक हे फिरते लोखंड आहे. किल्ली चकमध्ये विसरून मोटर सुरू केली तर ती गोळीसारखी उडते. किल्लीवरून हात काढायचा तो किल्लीसहच, अशी सवय लावावी. जॉ चकच्या कडेबाहेर फार आलेले नसावेत. सुरुवातीचा वेग कमी ठेवावा. वाडग्याचा व्यास इंचांत घेऊन त्याला फेऱ्यांनी गुणावे आणि उत्तर ६,००० ते ९,००० च्या आत ठेवावे. म्हणजे १० इंची वाडग्याला मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. मोटर उलटी चालवायची असेल तर चकचा लॉक स्क्रू आवळलेला असावा, नाहीतर चक आट्यांवरून सुटून अंगावर येतो. कुर्त्याच्या सैल बाह्या दुमडाव्यात, गळ्यातला रुमाल काढून ठेवावा, डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मास्क लावावा.

व्यवहार आणि पैसा

इस्लामी व्यापारनीतीत 'खियारुल ऐब' ही स्पष्ट तरतूद आहे. वस्तूत आधीपासून असलेला आणि न सांगितलेला दोष निघाला तर ती परत करण्याचा हक्क खरेदीदाराला असतो. दोष माहीत असून लपवणे हे विक्रेत्यासाठी जायज नाही. या हक्काचा उपयोग भांडणासाठी करायचा नसून आधीच बोलून घेण्यासाठी करावा. बिलावर आट्यांचे माप आणि 'ठरल्यापेक्षा जास्त आउट निघाल्यास अमुक दिवसांत परत' असे लिहून घ्यावे. दुकानदार बांधवांनीही चक कांडीवर तपासून, आकडा लिहूनच विकला तर त्यांच्याच दुकानावर विश्वास बसेल. जुना चक विकणाऱ्याने झिजलेला स्क्रोल ग्रीस भरून झाकू नये.

हाच नियम कारागिरालाही लागू आहे. ओल्या लाकडाची डबी आज घट्ट बसते म्हणून विकली आणि महिन्याने झाकण अडकले, तर दोष लपवून विकल्यासारखेच झाले. मापात कमी देणाऱ्यांना ताकीद देणारी सूरह मुतफ्फिफीन फक्त तराजूवाल्यांसाठी आहे असे समजू नये. हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतारकाम करीत असत, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. या हुन्नराची अशी आब आहे.

पैशाची सोय करताना व्याजाच्या कर्जाकडे वळण्यापूर्वी इतर वाटा पाहाव्यात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेण्यात आले. त्यांत सुतार आणि बाहुल्या-खेळणी बनवणारे यांचा समावेश आहे. योजनेतील १ लाख आणि २ लाखांच्या कर्जावर ५ टक्के व्याज ठरवलेले आहे. परंतु अवजारांच्या किटसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि प्रशिक्षणकाळातील रोज ५०० रुपयांचे विद्यावेतन हे कर्ज नव्हे. किटमध्ये चक असेलच असे धरून चालू नये. मात्र पटाश्या आणि ड्रिल त्यातून मिळाले, तर स्वतःचा पैसा चककडे वळवता येतो. मोहल्ल्यातील चार कारागिरांनी मिळून एक डायल इंडिकेटर घेतला तर तो चौघांनाही पुरतो. ते रोज लागणारे यंत्र नाही.

थोडक्यात सांगायचे तर आधी काम पाहावे, मग लेथचा स्पिंडल तपासावा, मग आटे मोजावेत, मग चक कांडीवर तीनदा धरून पाहावा आणि सर्वांत शेवटी किंमत बोलावी. खोक्यावरच्या शब्दाने चक अचूक होत नाही. जो आपल्या स्पिंडलच्या खांद्याला नीट टेकतो आणि दर वेळी तसाच टेकतो, तो आपल्यापुरता अचूक. इतके पाहून घेतलेला साधा चकही, इन्शाअल्लाह, वर्षानुवर्षे हलाल रोजी देत राहील.